‘स्वतःला’ची कसोटी कुठे फसते : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

‘मायसेल्फ, हिमसेल्फ कधी लावायचं’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : आठवी-नववीच्या मुलांना ‘मराठीत स्वतःला येतं का बघा, येत असेल तर सेल्फ लावा’ एवढं सांगितलं की भागतं, मी ही सोपी कसोटी मोडीत काढून त्यांच्या डोक्याला नसता ताप दिला. ‘आय शेव्ह्ड मायसेल्फ’ला मी चूक म्हटलं तेही तुम्हाला पटलं नाही, आणि ‘वी एन्जॉइड अ लॉट’ तर आता सगळेच म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय.

शेव्हबद्दल तुमचं बरोबर आहे, त्याकडे शेवटी येतो. कसोटीबद्दल मात्र मी ठाम आहे. जिथे मुलं अडतात, नेमकी तिथेच ती दगा देते.

वर्गात करून बघा. फळ्यावर तीन वाक्यं लिहा : ‘भाजी चिरताना मला कापलं.’ ‘तव्याला हात लागून ती भाजली.’ ‘सहलीत आम्ही खूप मजा केली.’ तिन्हींत ‘स्वतःला’ औषधालाही नाही. इंग्रजीत मात्र ‘आय कट मायसेल्फ’, ‘शी बर्न्ट हरसेल्फ’, ‘वी एन्जॉइड अवरसेल्व्ज’. आता चौथं वाक्य लिहा : ‘स्वतःला कोणी ओळखू नये म्हणून त्याने टोपी घातली.’ इथे ‘स्वतःला’ ठसठशीत दिसतंय, आणि इंग्रजीत येतं साधं ‘हिम’ : ‘ही वोअर अ कॅप सो दॅट नोबडी वुड रेकग्नाइझ हिम’. तुमच्या कसोटीने चारही वाक्यं चुकतात.

याचं कारण मराठीच्या घडणीत आहे. आपल्याकडे लपणे-लपवणे, फसणे-फसवणे, सुकणे-सुकवणे अशा जोड्या आहेत. क्रिया स्वतःपुरती आहे की दुसऱ्यावर, ते क्रियापदाचं रूपच सांगतं. ‘ती भाजली’ आणि ‘तिने वांगं भाजलं’ यांत क्रियापद एकच, पण ‘ने’ लागला की कोणी काय केलं ते उघड होतं. ‘मला कापलं’, ‘मला लागलं’ यांत तर कर्ताच नाही. जे झालं ते मला झालं, एवढ्यावर मराठी समाधानी असते. इंग्रजीचं तसं चालत नाही. तिथे ‘कट’ला कापणारा हवा आणि कापलं गेलेलंही हवं. कापणारा मी, कापलेलाही मीच, म्हणून कर्माच्या जागी ‘मायसेल्फ’ बसतं. ती जागा मोकळी सोडली तर वाक्य अर्धवट राहतं किंवा अर्थच पालटतो : ‘आय हर्ट मायसेल्फ’ म्हणजे मला लागलं, नुसतं ‘आय हर्ट’ म्हणजे मला दुखतंय. (बोट कापलं तर ‘आय कट माय फिंगर’, तिथे कर्म मिळालेलं असतं, सेल्फ लागत नाही.)

म्हणून माझा आग्रह असा की प्रश्न मराठी वाक्याला विचारू नका, इंग्रजी क्रियापदाला विचारा. आधी : तुला कर्म हवंच का? हवं असेल तर पुढे : ते कर्म म्हणजे कर्ताच का? दोन्हींना ‘हो’ आलं की सेल्फ. ‘इंट्रोड्यूस’ला कर्म हवंच, म्हणून ‘लेट मी इंट्रोड्यूस मायसेल्फ’. ‘कॉन्सन्ट्रेट’ला या अर्थी नको, म्हणून मन एकाग्र करायचं असलं तरी ‘कॉन्सन्ट्रेट युअरसेल्फ’ नाही. ‘आय फील मायसेल्फ टायर्ड’ याच कारणाने चूक. ‘फील’ला पुढे ‘टायर्ड’ पुरतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शब्दकोशात मिळतं, आणि मुलांना तो उघडायची सवय लावणं यादी पाठ करून घेण्यापेक्षा मोलाचं आहे. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना परक्या विद्यार्थ्यांची हीच अडचण ओळखली होती. 1942 साली तोक्योत निघालेल्या त्यांच्या कोशात म्हणूनच कोणत्या क्रियापदापुढे काय येतं त्याचे साचे दिलेले होते. 1948 पासून तो ऑक्सफर्डने काढला. आज दुकानात मिळणारी ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी ही त्याचीच पुढची आवृत्ती. तीत ‘एन्जॉय’ काढून बघा, ‘एन्जॉय युअरसेल्फ’ हा साचा वेगळा नोंदवलेला आहे.

काही क्रियापदं तर सेल्फशिवाय दुसरं कर्म जवळजवळ घेतच नाहीत. ‘प्राइड’ : ‘शी प्राइड्स हरसेल्फ ऑन हर हँडरायटिंग’. ‘ॲबसेंट’ : ‘ही ॲबसेंटेड हिमसेल्फ फ्रॉम द मीटिंग’ (रोजच्या बोलण्यात ‘ही वॉज ॲबसेंट’ बरं). ‘अवेल’ : प्रमाण इंग्रजीत ‘अवेल युअरसेल्फ ऑफ द ऑफर’, जाहिरातींतलं ‘अवेल द ऑफर’ हे भारतीय वळण आहे, आणि मधला सेल्फ गाळून नुसतं ‘अवेल ऑफ’ म्हणणंही प्रमाण इंग्रजीत सहसा बसत नाही. ही मंडळी थोडी आहेत, तेवढी पाठ करायला माझी हरकत नाही.

सेल्फ लावल्याने अर्थ बदलतो अशा जागांवर वर्गात जास्त वेळ द्यावा. ‘ही रिझाइन्ड’ म्हणजे राजीनामा दिला. ‘ही रिझाइन्ड हिमसेल्फ टू इट’ म्हणजे इलाज नाही म्हणून निमूट मान्य केलं. ‘शी अप्लाइड’ म्हणजे अर्ज केला. ‘शी अप्लाइड हरसेल्फ टू हर स्टडीज’ म्हणजे नेटाने अभ्यासाला लागली. नोकरीच्या पत्रात हे उलटं पडलं तर वाचणाऱ्याला भलताच अर्थ लागेल.

आता दुसरा प्रश्न, कर्ता कोण? आपल्या ‘आपला’ने इथे मोठा घोळ होतो. ‘सुनीताने मीनाला आपली काळजी घ्यायला सांगितलं’ यात काळजी कोणाची, ते संदर्भावरूनच कळतं. इंग्रजी तिथे निवड करायला लावते. ‘सुनीता आस्क्ड मीना टू लुक आफ्टर हरसेल्फ’ : मीनाने मीनाची काळजी घ्यायची. ‘टू लुक आफ्टर हर’ : मीनाने सुनीताची किंवा तिसऱ्याच कोणाची, पण मीनाची नक्की नाही. आता ‘आस्क्ड’च्या जागी ‘प्रॉमिस्ड’ घाला. ‘सुनीता प्रॉमिस्ड मीना टू लुक आफ्टर हरसेल्फ’ म्हटलं की काळजी घेणारी सुनीता, म्हणून ‘हरसेल्फ’ही सुनीताच. वाक्यात आधी कोणाचं नाव आलं ते बघायचं नाही, त्या क्रियेचा कर्ता कोण ते बघायचं. टोपीच्या वाक्यात ‘रेकग्नाइझ’चा कर्ता ‘नोबडी’ आहे, म्हणून तिथे ‘हिमसेल्फ’ बसत नाही.

मराठी मुलांची आणखी एक हमखास चूक आदरार्थी ‘तुम्ही’मुळे होते. आजोबांना ‘तुम्ही घ्या ना’ म्हणताना माणूस एकच, म्हणून ‘हेल्प युअरसेल्फ’. चार पाहुणे असतील तर ‘युअरसेल्व्ज’. इंग्रजीतलं ‘यू’ सगळ्यांना सारखंच असतं. संख्या फक्त इथे उघडी पडते. ‘हिजसेल्फ’ आणि ‘देअरसेल्व्ज’ही वह्यांत दिसतात, तेव्हा एवढं सांगून ठेवा : मी-तूच्या रूपांत ‘माय, युअर, अवर’ आहे, तिसऱ्या पुरुषात मात्र ‘हिम’ आणि ‘देम’.

आणि शब्दयोगी अव्ययं. ‘तिने पिशवी आपल्या शेजारी ठेवली’ हे ‘शी पुट द बॅग बिसाइड हर’. नुसती जागा सांगायची असेल तर सहसा सेल्फ लागत नाही. ‘शी टॉक्स टू हरसेल्फ’मध्ये ‘टू’ क्रियापदालाच जोडलेलं आहे, म्हणून लागतो.

‘एन्जॉय’बद्दल : कोणाच्या पुढ्यात ताट ठेवून ‘एन्जॉय!’ म्हणणं आता सगळीकडे रूढ आहे. ‘वी एन्जॉइड अ लॉट’ आपल्या देशात सर्रास चालतं, बोलताना कोणाला टोकू नये. पण परीक्षेच्या पेपरात किंवा बाहेरच्या विद्यापीठाच्या अर्जात ती चूकच धरली जाण्याची शक्यता आहे, म्हणून मुलांना ‘वी एन्जॉइड अवरसेल्व्ज’ किंवा ‘वी एन्जॉइड द ट्रिप’ यावं असं मला मनापासून वाटतं.

आता शेव्ह. वॉश, शेव्ह, ड्रेस ही माणसाने रोज स्वतःचीच करायची कामं, म्हणून इंग्रजी तिथे सेल्फ गाळते : ‘ही शेव्ह्ड अँड ड्रेस्ड’. पण गाळते म्हणजे घातलं तर चूक, असं नाही. ते काम कोणी करायचं हाच मुद्दा असेल, तर सेल्फ हवाच : ‘माय सन कॅन ड्रेस हिमसेल्फ नाउ’, किंवा हात प्लास्टरमध्ये असताना ‘ही कान्ट शेव्ह हिमसेल्फ’. मी सरसकट चूक म्हटलं ते माझं चुकलं. लेखातलं ते वाक्य काढून ही दोन उदाहरणं घातली आहेत, आणि दुरुस्ती तुमच्यामुळे झाली हेही तिथे नोंदवलंय.