चार रात्री हॅरोला, तीन रात्री ल्युटनला

काल रात्री मी माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर, टॅबलेटचा चार्जर उपसून ठेवून बातम्या बघत बसले होते. बॅटरी 14 टक्के. हवामान लागायच्या आत टॅबलेट गप्प झाला. चार्जर हाताशीच होता, पण लावला नाही. लावून बातम्या बघितल्या असत्या तर कायद्याने गुन्हा झाला असता. थट्टा नाही करत.

आई लंडनमधल्या हॅरोला असते, वय 81. बाबा गेल्यापासून रविवार ते बुधवार रात्री मी तिच्याकडे असते. गुरुवारी भाऊ येतो आणि मी एम वन मोटरवे पकडून ल्युटन शहरात माझ्या फ्लॅटवर, नोकरीवर. तिच्या औषधांच्या याद्या, माझे डबे, दोघींच्या चष्म्यांचे नंबर, सगळं गाडीच्या डिकीत इकडून तिकडे फिरत असतं. टीव्ही मात्र दोन्ही घरांत एकेक. आणि इथे ब्रिटनमध्ये टीव्ही बघायला दर वर्षी पैसे भरून लायसन्स घ्यावं लागतं, त्याच पैशांवर बीबीसी चालते. ते टीव्ही लायसन्स माणसाला मिळत नाही, पत्त्याला मिळतं.

आपल्या लोकांत एक गैरसमज पक्का आहे, म्हणून आधी तो काढते. "आम्ही बीबीसी बघतच नाही, आम्हाला कशाला लायसन्स?" असं नसतं हो. कुठलंही चॅनल लाइव्ह बघितलं की लायसन्स लागतं, मग ते इंटरनेटवरून लावलेलं मराठी चॅनल का असेना. बीबीसीच्या आयप्लेअर या इंटरनेट सेवेवर तर 1 सप्टेंबर 2016 पासून जुना कार्यक्रम बघायलाही लागतं. नेटफ्लिक्सवर सिनेमा बघण्यापुरतं लागत नाही. लायसन्सशिवाय बघितलं तर दंड 1,000 पौंडांपर्यंत.

आईच्या घरच्या लायसन्समध्ये तिथे असताना मी येते, प्रश्न नाही. ते लायसन्स बाबांच्या नावावर होतं. त्यांचं बँक खातं बंद केलं तेव्हा लायसन्सचे पैसे आपोआप भरणारं डायरेक्ट डेबिटही बंद झालं, आणि पत्र येईपर्यंत आम्हा दोघा भावंडांच्या ते लक्षातच आलं नाही. चूक आमचीच. पूर्वी 75 च्या पुढच्या सगळ्यांना ते फुकट होतं. 1 ऑगस्ट 2020 पासून फक्त पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांना सरकार देतं ती मदत, मिळणाऱ्यांना. बाबांच्या कंपनीचं थोडं पेन्शन येतं, तेवढ्याने आई त्या रेषेच्या वर जाते. म्हणजे पूर्ण पैसे भरायचे.

आता माझा फ्लॅट. आठवड्यातल्या चार रात्री कुलूपबंद. तरी तिथे लाइव्ह बघायचं तर वेगळं लायसन्स, 2025-26 साली वर्षाचे 174 पौंड 50 पेन्स. आईला सांभाळण्याचा जो भत्ता मला मिळतो तो त्याच वर्षी आठवड्याला 83 पौंड 30 पेन्स होता, आणि त्यासाठी निदान 35 तास द्यावे लागतात. दोन आठवड्यांचा भत्ता टीव्हीत गेला, वर खिशातले आठ पौंड.

यातून एक पळवाट आहे, तीच माझ्या सोफ्यावरची. यंत्र फक्त स्वतःच्या बॅटरीवर चालत असेल, वीज किंवा अँटेना जोडलेला नसेल, तर तुम्ही राहता त्या घराचं लायसन्स बाहेरही चालतं. होस्टेलवरच्या मुलांना हे तोंडपाठ असतं. पण "तुम्ही राहता ते घर" कुठलं? माझं कुठलं? चार रात्रींचं, की ज्याचं भाडं मी भरते ते? मी आपलं हॅरो धरते आणि चार्जर उपसते. पंचावन्नाव्या वर्षी!

मला फुकट काही नको आहे. पण एका जागी उभी असलेली कॅराव्हॅन, म्हणजे सुट्टीचं फिरतं घर, ठेवणाऱ्यांसाठी नियमात सवलत आहे: घरचं लायसन्स असेल आणि दोन्हीकडे एकाच वेळी टीव्ही लागत नसेल, तर तसं लिहून द्या, दुसरं लायसन्स नको. समुद्रकिनारी सुट्टीला जाणाऱ्याला एका वेळी एकाच ठिकाणी असता येतं हे सरकारला पटतं. माझ्या फ्लॅटमध्ये मी असले तरच टीव्ही लागतो, पण हॅरोला त्याच वेळी आई मालिका लावून बसलेली असते, म्हणून ती सवलत जशीच्या तशीही मला बसणार नाही. सांभाळणाऱ्यांसाठी वेगळी ओळ लिहावी लागेल, आणि ती लिहिता येते. कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे इथल्या घरपट्टीच्या, नियमात लिहिलेली आहे: आठवड्याला 35 तास सांभाळणारा माणूस त्याच घरात राहत असेल, तर बाकीच्या अटींत बसल्यास घरातली मोठी माणसं मोजताना त्याला धरत नाहीत, आणि एकटं राहणाऱ्याला मिळणारी 25 टक्के सूट टिकते.

आणखी एक, जाता जाता. लायसन्सच्या खटल्यांत दहांतल्या सातेक बायका असतात, गेली कित्येक वर्षं. दिवसा घरी कोण असतं, दार कोण उघडतं? आईकडे मीच उघडते. (तपासनीस आला तर वॉरंटशिवाय त्याला आत घ्यायची सक्ती नाही, एवढं लक्षात ठेवा.)

साताऱ्याला आजोबा रेडिओच्या लायसन्सचे पैसे भरायला पोस्टात जायचे, हे आई अजून सांगते. भारताने ती भानगड केव्हाच मोडीत काढली. इथली मोडावी असं मी म्हणत नाही, आईचे निम्मे दिवस बीबीसीवरच जातात.

बीबीसी ज्या सरकारी सनदेवर (चार्टरवर) चालते, ती सध्याची सनद 31 डिसेंबर 2027 ला संपते. पुढच्या सनदीत लायसन्सचं काय, यावर वाद चालूच राहणार. मी आमच्या खासदाराला सांभाळणाऱ्यांसाठीच्या त्या एका ओळीबद्दल लिहिते आहे. दोन घरांत अशी विभागलेली माणसं आपल्यातही बरीच आहेत, तुम्हीही आपापल्या खासदाराला लिहा. आणि आज घरी गेल्यावर आईवडिलांचं लायसन्स कोणाच्या नावावर आहे, कुठल्या खात्यातून जातं, तेवढं बघून घ्या.