बिल्डरला त्याच्या दुकानांची आठवण करून देऊ नका

नागपुरात वर्धा रोडला, बेसा-बेलतरोडीकडे नाहीतर अजून पुढे जामठ्याच्या बाजूला फ्लॅट बघायला निघाला असाल तर आधी एक काम करा, मोबाईल गाडीतच ठेवून जा. कारण सेल्स ऑफिसमध्ये शिरल्या शिरल्या मधोमध काचेच्या पेटीत स्कीमचं मॉडेल मांडलेलं असतं आणि आपल्या हाताला सवय लागलीय, दिसलं की फोटो. काढू नका. नुसतं बघा. स्पंजची झाडं, निळ्या प्लास्टिकचा स्विमिंग पूल, आणि खाली रस्त्याच्या कडेनं रांगेत आठ-दहा चिमुकली दुकानं, एकावर कॅफे लिहिलेलं, बाहेर नखाएवढी लाल छत्री, छत्रीखाली दोन बाहुल्या कॉफी पिऊन राहिल्या. उघड्यावर. नागपुरात. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की त्या बाहुल्यांचं काय होतं ते काही मॉडेलमध्ये दाखवत नाहीत, तिथं एसी असतो ना.

सेल्सवाली मुलगी लेझरचा लाल ठिपका एकेका दुकानावर ठेवत सांगते, सर इथे सुपरमार्केट, इथे मेडिकल, इथे सलून, इथे बेकरी, मॅडमला दूध-भाजीसाठी गाडी काढायचं कामच नाही. तुम्ही कौतुकानं मान हलवा आणि सोफ्यावर बसून ती फुकटची कोल्ड कॉफी प्या. फोटो यासाठी नको की 2016 च्या रेरा कायद्याच्या, म्हणजे घर घेणाऱ्याला बिल्डरपासून वाचवायच्या कायद्याच्या, कलम 12 मध्ये लिहून ठेवलंय, जाहिरात किंवा माहितीपत्रक वाचून, एवढंच नाही तर नमुन्याचा फ्लॅट, नमुन्याची इमारत बघून कोणी पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघून त्याचं नुकसान झालं तर बिल्डरनं भरपाई द्यायची, आणि त्याला स्कीममधून बाहेरच पडायचं असेल तर पैसे व्याजासकट परत. आता तुमच्या मोबाईलमध्ये त्या लाल छत्रीचा तारखेसकट फोटो असला तर त्या बिचाऱ्याला किती मनस्ताप होईल याचा विचार करा. एवढे चार-पाच टॉवर उभे करणारा माणूस, त्याला एका छत्रीवरून छळायचं?

ब्रोशर मात्र घरी आणायला हरकत नाही, कागद जाड आणि गुळगुळीत असतो, सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर, निवडायला एकदम मस्त. निवडून झालं की देठांसकट टाकून द्या, कपाटात फाईल करून ठेवायची नसते अशी वस्तू. मागच्या पानावर मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं की चित्रं कल्पनेतली आहेत आणि प्रत्यक्षात बदल होऊ शकतो, ते वाचायला चष्मा शोधू नका. आणि कोपऱ्यात एक क्यूआर कोड असतो, 1 ऑगस्ट 2023 पासून महारेरानं, म्हणजे रेरा राबवणाऱ्या राज्याच्या ऑफिसनं, जाहिरातीवर तो सक्तीचा केलाय, चहावाल्याला पैसे द्यायला आपण दिवसातून दहा वेळा क्यूआर स्कॅन करतो पण सत्तर लाखाच्या वस्तूवरचा हा एक कोड अजिबात स्कॅन करायचा नाही. केला तर प्रकल्पाचं पान उघडेल, त्यावर मंजूर नकाशा असतो, आणि मग नको ते दिसेल.

म्हणजे काय, तर दुकानांची ती रांग तुमच्या प्रकल्पात आहे की नाही ते. रेरात प्रत्येक फेज, म्हणजे बांधकामाचा टप्पा, वेगळा प्रकल्प धरतात, वेगळं रजिस्ट्रेशन, वेगळी पूर्ण करायची तारीख. तुमचा टॉवर फेज वनमध्ये आणि कॅफे, मेडिकल, बेकरी सगळं फेज थ्रीमध्ये असं असू शकतं, आणि फेज थ्री अजून रजिस्टरच केलेला नसला तर त्या दुकानांना तारीख नावाची गोष्टच नाही, उशीर झाला असं कोणी म्हणूच शकत नाही. किती सुंदर रचना आहे बघा! दुकानं दाखवून फ्लॅट विकायचा आणि फ्लॅटच्या कागदात दुकान येऊ द्यायचं नाही. करारनाम्याच्या वेळी वकील वगैरे नेऊन यात खोट काढत बसू नका, मुहूर्त टळतो, आणि सब-रजिस्ट्रारकडे टोकनचा नंबर लागलेला असताना परिशिष्ट वाचणारा माणूस मागच्या पार्टीला किती बोअर वाटतो.

पझेशन मिळालं, गणपती बसवून पूजा झाली, आता रहा. एखाद्या संध्याकाळी पाहुणे येणार म्हणून पाटोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) बेत होईल, चून म्हणजे बेसन भिजवून होईल, खोबरं-खसखस भाजून होईल आणि मग घरात सांभार नाही हे कळेल. हा क्षण अध्यात्मिक आहे, चिडू नका. हेल्मेट घाला, लिफ्टने बेसमेंटला जा, गाडी काढा, गेटवर गार्डच्या सलामाला उत्तर द्या, अर्ध्या झालेल्या सिमेंट रोडवरून, जिथे एका बाजूला गिट्टीचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला गाईंची मीटिंग, तिथून गावाच्या चौकापर्यंत जा. दहा रुपयांचा सांभार, त्याला तीस रुपयांचं पेट्रोल. परत येताना तुमच्याच बिल्डिंगच्या खालच्या बंद शटरांसमोरून या, कारण पुष्कळ ठिकाणी गाळे बांधलेले असतात बरं का, असं नाही की बिल्डर शब्दाला जागत नाही. गाळे आहेत, दुकानं नाहीत.

हे कसं होतं ते समजून घेतलं की तुमचा राग जाईल. गाळा भाड्यानं द्यायचा म्हणजे वाट बघा, किराणावाल्याला दोन वर्षं कमी भाड्यात सांभाळा, तेव्हा कुठे गिऱ्हाईक लागतं. विकून टाकला की चेक आजच हातात. म्हणून गाळे विकले जातात, फ्लॅटपेक्षा चढ्या भावानं, आणि घेणारा माणूस तिथं राहणारा नसतो, दुकान चालवणारा तर त्याहून नसतो, त्यानं पैसे पार्क करून ठेवलेले असतात. त्याला भाडं हवं धरमपेठचं, आणि समोर गिऱ्हाईक तीस टक्के भरलेल्या टॉवरचं. कोणत्या किराणावाल्याला परवडेल? मग एका गाळ्यात उरलेल्या टाईल्स, एकात वायरमनचं सामान, एकात एटीएम ज्याच्यात पैसे नसतात, आणि कोपऱ्यातल्या सगळ्यात चांगल्या गाळ्यात बिल्डरच्या पुढच्या स्कीमचं सेल्स ऑफिस. आत काचेच्या पेटीत मॉडेल आहे. त्यात दुकानं पण आहेत.

बिल्डरच्या ऑफिसात जाऊन विचारायचंच असेल तर एकट्यानं जा, ग्रुपनं नको, त्यांच्याकडे खुर्च्या कमी आहेत. उत्तर मिळेल की ब्रँडशी बोलणी चालू आहे सर. पुढच्या वर्षी उत्तर मिळेल की फुटफॉल, म्हणजे येणारं-जाणारं गिऱ्हाईक, नाही म्हणतात ब्रँडवाले. त्याच्या पुढच्या वर्षी, "काऊन टेन्शन घेऊन राहिले भाऊ, आजकाल कोण जाते दुकानात, सगळं दहा मिनिटात घरी येते." यातलं शेवटचं अगदीच खोटं नाही म्हणा. आपणच महिन्याचा किराणा ऑनलाइन मागवतो, ऑफर असली की तेलाचे दोन डबे जास्तीचे, आणि मग खालच्या दुकानदारानं फक्त आपल्या दही-ब्रेडवर संसार चालवावा अशी अपेक्षा ठेवतो. शिवाय दुकान पाहिजे पण चक्की नको, तिचा आवाज येतो, डोशाचं नको, वास येतो, मटणाचं तर नावच नको आणि सलूनमध्ये बाहेरची पोरं येतात. राहिलं काय तर फुलांचं दुकान, तेही मराठी सणांपुरतं. पण हा हिशोब बिल्डरला बुकिंगच्या दिवशी पण माहीत होता ना, तेव्हा लेझरचा ठिपका का फिरवला, हा प्रश्न मनात आला तर लगेच दुसरीकडे लक्ष वळवा.

जुन्या नागपूरचं उदाहरण तर चुकूनही देऊ नका. बख्त बुलंद शाहनं 1702 मध्ये शहर वसवलं, पुढे भोसल्यांच्या काळात वाढलं, आणि इतवारी, बुधवारी, शनिवारी, मंगळवारी, बाजाराच्या वारावरून मोहल्ले ओळखले जायला लागले, म्हणजे लोक बाजाराच्या आसऱ्यानं राहायला आले. येडेच होते बिचारे. गोकुळपेठेत आजही माणूस चप्पल घालून निघतो आणि पंधरा मिनिटांत भाजी, फुलं, औषध, चाळणीला जाळी असं सगळं करून येतो, पण त्याच्याकडे क्लबहाऊस कुठंय!

आता सगळ्यात महत्त्वाचं. दिवाळी मिलन. बिल्डर स्वतः येतो, क्लबहाऊसला लायटिंग, पोरांना फुगे, प्रत्येक घराला संत्रा बर्फीचा अर्धा किलोचा डबा. डब्याबरोबर एक कागद फिरतो, वर लिहिलेलं असतं की नकाशात किरकोळ बदलास आमची हरकत नाही. सही करा. पेन पण तेच देतात. कलम 14 सांगतं की मंजूर नकाशात असा बदल करायचा तर बिल्डर सोडून बाकीच्या दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती आधी घ्यावी लागते, आणि एकाच माणसानं पाच फ्लॅट घेतले असले तरी त्याचं मत एकच. म्हणजे तुमची सही खरोखरच मोलाची आहे, अर्धा किलो संत्रा बर्फीइतकी. कागदाला जोडलेला नवा नकाशा उघडून बघू नका, त्यात दुकानांच्या जागी चाळीस फ्लॅटचा टॉवर असेल आणि तुमच्या हॉलची खिडकी त्याच्या बाथरूमकडे उघडत असेल. कोणी म्हणेल की करारनाम्यातच आपण आधी सरसकट संमती देऊन टाकलीय, आता काय उपयोग, तर त्याला लगेच हो म्हणा. मोफाच्या, म्हणजे रेराच्या आधीच्या फ्लॅट कायद्याच्या, काळातच मुंबई हायकोर्टानं अशी आंधळी आगाऊ संमती चालत नाही, नेमका बदल काय ते सांगून घ्यावी लागते असं म्हटलंय, हे सांगून मिलनाचा रंग कशाला घालवता. माझं तर स्पष्ट मत आहे की नागपुरातली निम्मी न झालेली दुकानं बिल्डरनं नाही, त्या बर्फीच्या डब्यांनी खाल्ली.

एखादा रिटायर्ड माणूस असतोच प्रत्येक स्कीममध्ये, बहुधा एमएसईबीतून नाहीतर वेकोलितून (कोळसा कंपनीतून), ज्याच्याकडे बुकिंगच्या दिवसापासूनचं प्रत्येक ब्रोशर, प्रत्येक ईमेल फाईल करून ठेवलेलं असतं. त्याच्यापासून लांब रहा. तो सांगेल की महारेराची तक्रार ऑनलाइन होते, नागपुरातही त्यांचं ऑफिस आहे, असोसिएशनला स्वतःच्या नावानं तक्रार करता येते, आधी समजुतीनं मिटवायचं तर सलोखा मंच आहे, आणि तक्रारीची फी 5000 रुपये. चारशे फ्लॅटची स्कीम असली तर माणशी साडेबारा रुपये पडतात, त्यात आजकाल तंबाखू-सुपारीचा खर्रा पण येत नाही. पण तत्त्वाचा प्रश्न आहे, आपण एवढे पैसे भरलेत, वरून अजून साडेबारा कशाला? ग्रुपवर हा मेसेज आला की खाली हात जोडलेले चार-पाच इमोजी टाका, मग कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकेल, दुपारपर्यंत विषय वर निघून जाईल. असोसिएशनच्या मीटिंगला कोरम न होऊ देणं हीसुद्धा एक सेवा आहे.

मधल्या काळात गेटच्या समोर एक पानठेला येतो. यानं ब्रोशर छापलेलं नसतं, फुटफॉल मोजलेला नसतो, स्लॅब पडायच्या आधीपासून मजुरांना खर्रा घोटून देत देत तो इथे टिकलेला असतो. चार विटांवर टेकवलेला निळा पत्र्याचा डबा, वर मेणकापड. लोक राहायला यायला लागल्यावर तो आधी दुधाच्या पिशव्या ठेवायला लागला, मग ब्रेड, अंडी, मॅगी, शाम्पूच्या पुड्या, मग त्याची बायको सकाळी कॉटन मार्केटमधून सांभार, कढीपत्ता, लिंबं आणायला लागली, ओल्या पोत्याखाली झाकून ठेवलेली. आठव्या मजल्यावरून फोन जातो, "भाऊ दोन दूध अन् एक ब्रेड पाठव ना बाप्पा, पैसे ऑनलाइन टाकते." पोरगं लिफ्टनं वर येतं. उधारीची वही पण आहे, त्यात फ्लॅट नंबर लिहिलेले. ब्रोशरमध्ये जे जे कबूल केलं होतं त्यातलं कॅफेच्या छत्रीसकट सगळं त्याच्याकडे मिळतं, छत्री शीतपेयाच्या कंपनीची आहे आणि फाटकी आहे एवढंच.

तर आता इथे मात्र गप्प बसायचं नाही. रिसेलचे भाव पडतात अशानं, गेटसमोर ठेला दिसला की पार्टी गाडीतूनच परत जाते. तातडीची मीटिंग बोलवा, कोरम होईल, उभं राहायला जागा मिळणार नाही. अतिक्रमणाची तक्रार एनएमआरडीएला (नागपूरच्या महानगर विकास प्राधिकरणाला), प्रत पोलीस स्टेशनला, प्रत पालकमंत्र्यांना. दोन तृतीयांश काय, एका संध्याकाळी नव्वद टक्के सह्या होतील, उधारीच्या वहीत नाव असलेले सगळ्यात आधी करतील. अर्ज कोण लिहिणार याची काळजी नको, बिल्डरच्या ऑफिसमधून टाईप होऊन येतो, झेरॉक्सच्या चार प्रतींसकट, आपल्याकडे कुठे झेरॉक्सचं दुकान आहे.