वजन पोटाने ओढायचं, हातांनी नाही
केबल क्रंच, म्हणजे जिममधल्या मशीनचा वजन लावलेला दोर वरून खाली ओढत करायचा पोटाचा व्यायाम. त्याचं लेखात कौतुक छान केलंय, पण कळीचा मुद्दा निसटला. गुडघ्यांवर बसून दोर कानांजवळ धरला की हात तिथेच राहायला हवेत. वाकायचं ते पाठीच्या कण्यातून, बरगड्या ओटीपोटाकडे आणत. नितंब मागे टाचांवर टेकायला लागले, तर समजायचं की काम मांडीच्या वरचे स्नायू करताहेत. पोट नुसतं बघ्याच्या भूमिकेत! वजन बेताचं ठेवा, श्वास सोडत खाली या, वर जाताना सावकाश. १० ते १५ वेळा नीट जमलं तरच वजन वाढवा. बाकी, याने स्नायू बळकट होतात, पोटावरची चरबी तेवढ्याने उतरत नाही. स्लिप डिस्कचा त्रास असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.