दोन माणसांचा तंबू

मे महिन्यात स्कॉटलंडच्या बेटांवर मिजेस नसतात, हा आमच्या मंदारचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, मुख्य मुद्दा होता. मिज म्हणजे चिलटाहून बारीक किडा. एकटा कधी येत नाही, सगळी भावकी घेऊन येतो, आणि चावते ती फक्त मादी, हेही मंदारने मला मुद्दाम सांगितलं. जून ते ऑगस्ट त्यांचा हंगाम. शिवाय वाऱ्याचा वेग ताशी अकरा किलोमीटरच्या वर गेला की त्यांना उडता येत नाही. "म्हणजे मे महिना, वर वारा. डबल सेफ!" असं म्हणून त्याने ऑनलाइन तंबू मागवला. जो वारा मिजेसना उडू देत नाही तो आपल्याला उडवू शकतो, हे डबल सेफच्या हिशेबात कुठेही धरलेलं नव्हतं.

ग्लासगोहून ओबानपर्यंत रेल्वे आणि तिथून बोटीने पावणेपाच तास, की बॅरा बेट येतं. जाताना समुद्र इतका गुणी होता की मंदारने डेकवर उभं राहून बटाटेवडे खाल्ले आणि शेजारच्या जर्मन काकांनाही आग्रहाने एक दिला. बोट कॅसलबेच्या बंदरात शिरताना समोर पाण्यातल्या खडकावर किसिमल किल्ला दिसतो. मॅकनील घराण्याचा. त्या घराण्याच्या प्रमुखाने 2000 साली तो पुरातत्त्व खात्याला 1000 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला. भाडं वर्षाला 1 पौंड आणि व्हिस्कीची एक बाटली. अकरा महिन्यांच्या करारावर दर वेळी दहा टक्के वाढ देत संसार केलेल्या बाईला हे ऐकून काय वाटतं, ते सांगत बसत नाही. मला त्या घरमालकाला एकदा भेटायचं होतं, एवढंच.

कॅसलबेहून छोट्या बसने वॅटरसे. हे बॅराला बांधाने जोडलेलं बेट, हेब्रिडीज बेटांच्या रांगेतलं दक्षिणेचं शेवटचं वस्तीचं ठिकाण. आणि वस्ती तरी किती, शंभराच्या आत. त्याची कंबर अगदी बारीक: पश्चिमेला एक पुळण, पूर्वेला दुसरी, मधे गवताळ वाळूचा पट्टा. पट्ट्यावर गावाचं सभागृह, तिथे टॉयलेट आणि शॉवर. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने मोकळ्या जमिनीवर तंबू टाकण्याचा हक्क सगळ्यांना आहे. उभ्या पिकात शिरू नका, लोकांच्या दारात मुक्काम करू नका, दोन-तीन रात्रींच्या वर एका जागी राहू नका, जाताना खूण मागे ठेवू नका, एवढं पाळलं की झालं. हक्क मिळाला की मंदार लगेच पश्चिमेची बाजू घेतो. "सूर्यास्त!" म्हणाला. पश्चिमेला सूर्यास्त होता हे खरंच. त्याच्या मागे थेट कॅनडापर्यंत काही नव्हतं, आणि तिथून निघालेल्या वाऱ्याला वाटेत भेटलेली पहिली वस्तू म्हणजे आमचा तंबू.

खुंट्या वाळूत छान जातात. त्याहून छान बाहेर येतात. एका टोकाची ठोकली की दुसऱ्या टोकाची उपटून यायची. मी तंबूच्या कापडावर पालथी झोपले आणि मंदार माझ्याभोवती फिरून दोऱ्या ताणत राहिला. एका व्हिडिओत त्याने पाहिलं होतं की पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून ती पुरायची. आमच्याकडे पिशव्या होत्या, त्यात सामान होतं. मग कांदे, भाजणी, मेतकुटाची बाटली आणि माझे धुतलेले मोजे गवतावर काढून पिशव्या पुरल्या. मोजे गेले. पूर्वेच्या पुळणीकडे जाताना शेवटचे दिसले.

त्या भागाची एक जुनी समजूत आहे: एका दिवसात लाकडी घर उभारून त्यात चूल पेटवून दाखवली, की त्या जमिनीवर तुमचा हक्क. शंभरेक वर्षांपूर्वी बॅराच्या आणि शेजारच्या मिंगुले बेटाच्या भूमिहीन लोकांनी याच आधारावर वॅटरसेवर झोपड्या घातल्या. मालकिणीने कोर्टात खेचलं, 1908 साली दहाजण एडिंबरोच्या तुरुंगात गेले, बोभाटा झाला आणि दुसऱ्याच वर्षी सरकारने बेट विकत घेऊन लोकांना जमिनी वाटल्या. मला या मंडळींबद्दल अपार आदर आहे, कारण मी तिथे चूल पेटवायचा प्रयत्न केलेला आहे. लायटरची ज्योत चुलीपर्यंत पोचेना. मंदारने जाकीट उघडून आडोसा केला, तर जाकीट चुलीवर आलं. शेवटी सभागृहाच्या भिंतीमागे बसून पिठलं शिजवलं. जमिनीवरचा आमचा दावा तिथेच बाद झाला.

टेकाडावर एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं की मोबाईलला रेंज येते. सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला.

"तंबूत?" आई म्हणाल्या. "का रे, खोली नाही मिळाली?"

"आई, मुद्दाम आलोय. निसर्ग."

त्यांनी मला फोन द्यायला सांगितला आणि आवाज खाली आणून विचारलं, "नोकरी नीट आहे ना गं त्याची?"

रात्री दहा वाजता सूर्य बुडाला. अंधार त्यानंतरही नीट पडला नाही. डोळ्यांवर ओढणी बांधून आडवी झाले आणि क्रेक्स-क्रेक्स सुरू झालं. हा कॉर्नक्रेक नावाचा पक्षी. शास्त्रीय नावसुद्धा क्रेक्स क्रेक्स. नाव ठेवणाऱ्यालाही त्या रात्री झोप लागलेली नसणार. हिवाळा आफ्रिकेत काढतो आणि एप्रिल अखेरीस एवढा प्रवास करून इथल्या गवतात येतो, कोणाला दिसत नाही, आणि नर रात्रभर एकाच सुरात बायको मागतो. ब्रिटनमध्ये हे पक्षी आता थोडेच उरलेत, त्यांच्यासाठी शेतकरी गवत उशिरा कापतात. दुर्बिणी लावून माणसं दिवसेंदिवस त्याची वाट बघतात. आमच्या वाट्याचा उशाशी होता. पहाटे अडीचला मी मंदारला हलवलं, तर तो शांत घोरत होता. डोंबिवलीच्या त्यांच्या घरात छताचा पंखा अगदी असाच कर्र-कर्र करत फिरायचा आणि त्याखाली या माणसाचं अख्खं बालपण झोपेत गेलंय. सकाळी म्हणाला, "किती वर्षांनी अशी झोप लागली गं!"

सकाळ म्हणजे पाच. तंबूच्या माझ्या बाजूची भिंत आत आली, माझ्या खांद्याला टेकली आणि घासू लागली. वॅटरसेच्या गाई मोकळ्या हिंडतात, पुळणीवर बसून समुद्र बघत रवंथ करतात. फोटोत फार सुंदर दिसतं. त्यातलीच एक आमच्या तंबूवर अंग खाजवत होती. मी "हाड! हाड!" केलं. तिला फक्त तिथली गेलिक भाषा येत असावी.

आदल्या रात्रीचं उरलेलं पिठलं न्याहारीला काढलं. पहिल्या घासाला कचकच. इथली वाळू म्हणजे बरीचशी शिंपल्यांचा चुरा, म्हणून तर ती अशी पांढरीशुभ्र. मंदारने दुसरा घास घेतला, चावला आणि म्हणाला, "कॅल्शियम आहे."

भांडण तिथून सुरू झालं. विषय कॅल्शियम, मग मोजे, मग सूर्यास्त, आणि मग रीतसर लग्नातल्या मानापानापर्यंत गेलं. पण वाऱ्यात भांडणाला मजा येत नाही. ठेवणीतलं वाक्य टाकावं आणि समोरून "काय? मोठ्याने बोल!" यावं. तेच टोमणे ओरडून पुन्हा मारायचे म्हणजे त्यातली धारच जाते. बरं, रुसावं तर कुठे? दोन माणसांच्या तंबूत पाठ फिरवून बसलं की गुडघे बाहेर पावसात. आदळायला दार नाही. चेन जोरात ओढली, तीही मधेच अडकली. मग मी ताडताड चालायला लागले.

बांधापर्यंत आले. हा बांध 1991 साली झाला. त्याआधी जनावरं खाडीतून पोहवत न्यायचे, आणि 1986 मध्ये बर्नी नावाचा नावाजलेला वळू त्यात बुडाला. त्यावरून इतका गहजब झाला की रस्त्याला पैसे मिळाले. आपल्याकडे माणसं वाहून गेली तरी साकवाची फाईल हलत नाही. तिथे एका बैलाने काम केलं. बर्नीच्या स्मरणार्थ दोन मिनिटं थांबले, तेवढ्यात एक गाडी थांबली. आत सत्तरीच्या एक आजी. बेटावर चालणाऱ्या माणसाशेजारी गाडी न थांबवणं बहुधा उद्धटपणा समजत असावेत.

"कुठे निघालीस?"

"अशीच. लांब," मी म्हटलं.

आजींनी विचार केला. बॅराचा मुख्य रस्ता बेटाला गोल फेरी मारतो, म्हणाल्या. साधारण वीस किलोमीटर. डावीकडून जा, उजवीकडून जा, फिरून कॅसलबेलाच येशील. मग जरा थांबून म्हणाल्या, "तिकडे एक माणूस तंबू धरून उभा आहे, तो तुमच्यापैकी का? दोन्ही हातांनी धरलाय. सोडला तर जाईल."

मला त्यांनी परत आणून सोडलं. मंदार खरोखरच दोन्ही हातांनी तंबू कवटाळून उभा होता आणि मला बघून त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो आमच्या लग्नाच्या अल्बममध्येही नाही. प्रेम किती आणि खांदे भरून आल्याचं किती, ते मी विचारलं नाही. आजींनी गाडीतून उतरून तंबूची एक काठी धरली, आजूबाजूला नजर टाकली आणि विचारलं, "वारा पश्चिमेचा असताना पूर्वेच्या बाजूला का नाही लावलात?"

मी मंदारकडे बघितलं. मंदारने समुद्राकडे बघितलं.

पूर्वेच्या पुळणीवर पुढचे दिवस बरे गेले. हवामान खात्याने वादळी वाऱ्याचा इशारा देईपर्यंत. गाशा गुंडाळून कॅसलबेला आलो तर बोट रद्द. मंदार म्हणाला, विमानाने जाऊ. बॅराचा विमानतळ म्हणजे उत्तरेची पुळण: ओहोटीला तिन्ही धावपट्ट्या वाळूवर मोकळ्या होतात, भरतीला पाण्याखाली जातात, आणि विमानांचं वेळापत्रक चंद्र ठरवतो. पण विमान एकोणीस खुर्च्यांचं आणि आमच्यासारखे अडकलेले भरपूर. वर आमच्या चुलीचं गॅसचं नळकांडं विमानात चालणार नव्हतंच. मंदारला ते टाकून द्यायचं जिवावर आलं. अर्धं भरलेलं होतं म्हणे.

मग चार भिंतींची खोली घेतली आणि गावातल्या भारतीय जेवणाच्या हॉटेलात जाऊन तिथल्या समुद्रातल्या स्कॅलॉप नावाच्या शिंपल्यांची भजी खाल्ली. गरम, कुरकुरीत, आणि कचकच अजिबात नाही. मी दुसरी प्लेट मागवली. मंदार पुढच्या वर्षीच्या बेटांची यादी वाचून दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट सुटली. वारा पडला होता, लाटा मात्र अजून तशाच होत्या. किल्ला मागे पडायच्या आत मंदार यादी वाचायचा थांबला, मग रंगाने हिरवा झाला आणि मग कागदी पिशवी तोंडाशी धरून भिंतीकडे वळला. ओबानपर्यंत पावणेपाच तास. मी कॅन्टीनमधून मासे आणि चिप्स आणले, वर भरपूर व्हिनेगर घातलं आणि खिडकीशी बसून सावकाश, शेवटच्या चिपपर्यंत खाल्ले. मधे एकदा त्याने मान वळवून काहीतरी म्हटलं.

"काय?" मी म्हटलं. "मोठ्याने बोल!"