वर्गणीचं सोडून बोला

लातुरात पद मिळायला फार काही लागत नाही. आमच्या गल्लीच्या सामाईक बोअरची स्टार्टरपेटी माझ्या कंपाउंडच्या भिंतीवर ठोकलेली आहे, एवढ्या भांडवलावर मी बोअर कमिटीचा सचिव आहे. अध्यक्ष नाही, खजिनदार नाही, खरं तर कमिटीच नाही. सचिव तेवढा आहे. पाणी आलं तर ते मोटारीमुळे येतं आणि नाही आलं तर माझ्यामुळे.

ऐन एप्रिलात मोटार जळाली. श्रावणात मोटार जळाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. मेस्त्री आला, पेटी उघडून त्यानं वास घेतला आणि नाडी बघून उठलेल्या वैद्यासारखा हात झटकत म्हणाला, "गेली." मोटार वर काढायची, भरून आणायची, केबलचा करपलेला तुकडा बदलायचा, परत खाली सोडायची. सगळा हिशेब घरटी नऊशे रुपयांवर येऊन थांबला. मी वही काखेत मारली आणि निघालो.

माणसाकडे नऊशे रुपये मागितले की तो खिशाकडे बघत नाही, देशाकडे बघतो.

पहिलं घर गुरुजींचं. "या, बसा. नऊशे ना? देऊ की. पण आधी मूळ कारण समजून घ्या." मूळ कारण निजाम निघाला. देश १५ ऑगस्ट १९४७ला मोकळा झाला आणि आपण १७ सप्टेंबर १९४८ला, म्हणजे तेरा महिने उशिरा. ते तेरा महिने अजून भरून निघाले नाहीत असं गुरुजींचं म्हणणं. मी म्हणालो, "गुरुजी, मोटार परवाची आहे." गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं मागच्या बाकावरच्या पोरांकडे बघून कमावलेली नजर ती. "तेच सांगायलोय. उशीर आपल्या पाचवीला पुजलाय." मग पेन्शन जमा झालं की देतो म्हणाले. ते जमा व्हायलाही उशीर असावा.

शेजारच्या घरातला पोरगा पुण्याच्या कंपनीचं काम लातुरात बसून करतो. कानातलं यंत्र न काढताच त्यानं मला प्रशांत महासागरात नेलं. तिकडं पेरूच्या किनाऱ्याला पाणी तापतं, त्याला अल निनो म्हणतात, आणि तो आला की आपल्याकडचा पाऊस बिघडतो. २०१५ला आला होता, २०२३ला आला होता. सगळं बरोबर बोलत होता. मी हळूच विचारलं, "आणि आपली मोटार?"

"काका, तो लोकल इश्यू आहे."

लोकल इश्यूला नऊशे रुपये द्यायची त्याच्या कंपनीची पद्धत नसावी. मीटिंग आली म्हणाला आणि दार लोटलं.

यानंतर अण्णांचं घर. अण्णांकडे घाईनं जाता येत नाही, कारण त्यांच्याकडे विषय नेहमी २०१६पासून सुरू होतो. त्या सालाबद्दल बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगितलं पाहिजे. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरला रेल्वेनं पाणी आलं. १२ एप्रिलला मिरजेहून दहा डब्यांची पहिली गाडी आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. गाडीला नाव होतं जलदूत. ती गाडी आली तेव्हा स्टेशनात आपण जातीनं हजर होतो असं सांगणारे जेवढे लोक मला आजवर भेटलेत, तेवढे खरंच तिथं असते तर गाडीला आत यायला जागा उरली नसती. त्याच्या आधी पाणी भरायच्या ठिकाणांवर १४४ कलम लागलं होतं. पाचापेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही. आमच्या घरात माणसं सहा. घागरी घेऊन निघालो की एकाला बेकायदा व्हावं लागायचं. बहुतेक वेळा ते मला व्हावं लागे. असो.

"सोळा सालापसून काय शिकलाव तुम्ही शेरातले लोक?" अण्णांनी मलाच धरलं. "गाड्या धुयलेत, आंगण धुयलेत. तिकडं बियरच्या कारखान्याला पाणी देयलेत. त्या साली किरकेटचे सामने राज्याबाहेर हलवावे लागले, कोर्टानं सांगितलं तवा. माणसाला प्यायला नाही अन् मैदानाला पाणी मारायलेत!" अण्णा तापले की ऐकत राहावं असं बोलतात. मी मान डोलावत होतो. मान डोलावता डोलावता मला आठवलं की अण्णांचा नदीकाठी आठ एकर ऊस आहे आणि त्याला मोकाट पाणी चालू असतं. मी सहज विचारलं, "अण्णा, ठिबक नाही का केलं अजून?"

"ठिबकानं उसाचं समाधान होत न्हाई."

यावर काय बोलणार? उसाचं समाधान हा त्या दोघांमधला खासगी मामला आहे. नऊशेचं विचारलं तर म्हणाले, कारखान्याचं बिल पडू द्या.

वकीलसाहेबांकडे चहा चांगला मिळतो म्हणून तिथं मुद्दाम चारच्या सुमारास गेलो. चहा मिळाला. सोबत २००९चा भूजल कायदाही मिळाला. साठ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल जाण्यावर त्यात बंधनं आहेत, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं. आमची बोअर सहाशे फुटांच्या पुढे आहे. ती पाडली तेव्हा तमिळनाडू पासिंगची गाडी रात्रभर गल्लीत घरघरत होती आणि धूळ सगळ्यांच्या घरात सारखी वाटली गेली होती. आमच्याकडे समन्यायी वाटप झालेली ती एकच गोष्ट. तात्पर्य, कायदा दोनशे फुटांवर संपतो आणि पाणी सहाशेवर सुरू होतं. मधल्या चारशे फुटांत आमची गल्ली राहते. "अशा गोष्टीत पैसे देणं माझ्या व्यवसायात बसत नाही," वकीलसाहेब म्हणाले. पण पाणी? "पाणी मिळणं हा कलम २१ खाली जगण्याच्या हक्काचा भाग आहे." मी कप खाली ठेवला. खर्च कायद्यात बसत नाही आणि पाणी घटनेत बसतं, हे कळायला एवढं शिकावं लागतं तर.

पलीकडच्या काकू पाइप धरून ओट्यावर पाणी मारत होत्या. टाकीत उरलेलं शेवटचं असावं. "लोकान्ला अक्कलच नाही हो," त्या म्हणाल्या. मी पाय वर उचलून घेतले आणि पुढं गेलो.

किराणावाल्या शेठजींचा माझ्यावर जीव आहे. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि काळजीनं विचारलं, "मोटारीत कशाला पैशे घालायलाव? उजनीचं पाणी येयलंय की आता." उजनी धरण सोलापूर जिल्ह्यात, भीमेवर. तिथलं पाणी लातूरला आणायचं हे मी इतक्या निवडणुकांत ऐकलंय की उजनी मला आता नात्यातली वाटते. यायलेत, निघालेत, वाटेत आहेत. "तवर कसं भागवायचं शेठ?" शेठजींनी बाटलीबंद पाण्याच्या खोक्याकडे हात केला. घाऊक घेतलं तर भाव लावून देतो म्हणाले.

चौकातल्या टपरीवर तर विषय जायकवाडीवर गेलेला. नाशिक-नगरवाल्यांनी वर किती अडवलं, नाथसागर किती टक्के, पासष्टच्या खाली गेला तर वरून पाणी सोडायला पाहिजे की नको. आता पैठणच्या नाथसागराचा आणि लातूरच्या नळाचा काडीचा संबंध नाही. आमचं पाणी मांजरेचं. पण संबंध नसलेल्या धरणावर माणूस मोकळेपणानं बोलू शकतो, तिथं कोणी वर्गणी मागत नाही.

यातलं एकही मत चुकीचं नव्हतं, ही माझी खरी अडचण. निजाम होता. अल निनो येतो. ऊस पाणी पितो, शहर पाणी नासतं, कायदा आहे, वर पाणी अडतं. मी वाद घालायच्या तयारीनं गेलो असतो तर प्रत्येक दारात हरलो असतो. संध्याकाळी वहीत बघितलं तर नावांपुढे मराठवाड्याच्या पाणीप्रश्नाची समग्र कारणमीमांसा तयार होती आणि रुपये शून्य. एखाद्या पोरानं ती वही नेली असती तर त्याची पीएचडी झाली असती.

शून्य म्हटलं, पण ते तितकंसं खरं नाही. गुरुजींच्या माडीवर चार पोरं भाड्यानं राहतात. हिंगोली-नांदेडकडची, डॉक्टर व्हायला लातुरात आलेली. त्यांचं दार वाजवावं की नाही या विचारात मी जिन्यात उभा होतो, तर एक जण बादली घेऊन खाली येत होता. "काका, मोटारीचे का? क्यूआर पाठवा." जिना उतरायच्या आत माझ्या मोबाईलनं नऊशे रुपये जमा झाल्याचं सांगितलं. त्या पोरांना पाणीप्रश्नावर मत नाही. वेळच नाही. त्यांच्या आयुष्यात कोणत्याही प्रश्नाला चारच पर्याय असतात आणि त्यात निजाम नसतो.

पोरांचे आणि माझे मिळून मेस्त्रीला आगाऊ दिले. त्यानं साखळी-कप्पी लावून मोटार वर काढली, दोरीला दगड बांधून आत सोडला, परत ओढला, ओल कुठवर आली ते चाचपलं आणि म्हणाला, "साहेब, मोटारीची चूक न्हाई. पाणी खाली गेलंय. दोन पाइप वाढवा, न्हाईतर पुन्हा जळंल." म्हणजे घरटी नऊशेचे आता बाराशे.

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाकरी थापत होती. "तुम्ही त्यांचं ऐकून घेताव, म्हणून ते बोलतेत," ही म्हणाली. "त्यांना बोलूच देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच अण्णांच्या दारात उभा राहिलो. अण्णा दात घासत होते. त्यांनी तोंडातलं थुंकून "सोळा साली" म्हणायच्या आत मी सुरुवात केली. "अण्णा, मांजरा नदी कुठं उगम पावते सांगा बरं? बालाघाटच्या डोंगरात, तिकडं पाटोद्याकडं." अण्णा कौतुकानं हसले, खुर्ची पुढं केली. मी बसलो. बीडमधून नदीबरोबर खाली आलो, धनेगावच्या धरणावर थांबलो. उपयुक्त साठा म्हणजे काय आणि मृतसाठा म्हणजे काय, मृत असून तो प्यावा कसा लागतो, ते सविस्तर घेतलं. अण्णांचं हसू मृतसाठ्यापाशी संपलं. "मला जरा रानात—" "जावा की, पण हे ऐकून जावा," म्हणालो आणि गाळावर आलो. गाळ हा विषय मोठा आहे. अण्णांनी आत बघून आवाज दिला, तर वहिनींनी चहाऐवजी पाकीट आणून दिलं. त्याही आतून ऐकत असणार. मी तोवर कर्नाटकाच्या हद्दीत शिरलो होतो.

अण्णांनी बाराशे मोजून माझ्या हातात कोंबले आणि चपला शोधायला लागले. मी पैसे वहीत ठेवले, त्यांच्या नावापुढे खूण केली.

"बसा हो अण्णा," मी म्हणालो, "अजून निजामसागर राहिलाय."