टर्बो तर स्वस्तातच पडला

जुन्या गाडीला टर्बो बसवायला फारसा खर्च येत नाही, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांतल्या एकाकडेही टर्बोची गाडी नव्हती. भाच्याकडे मोटारसायकल. मिस्त्री स्कुटीवर येतो. कबाड्याकडे गाड्या पुष्कळ, पण पूर्ण एकही नाही.

माझी इंडिका, डिझेल. 1405 सीसी, चार सिलिंडर, ताकद पन्नास हॉर्सपॉवरच्या थोडी वर. अचलपूर तालुक्यातल्या सपाट रस्त्यांवर ती कोणाला दबत नाही. पण पावसाळा लागला की आमच्याकडे पाहुणे येतात, आणि पाहुण्यांना चिखलदरा दाखवल्याशिवाय परत पाठवण्याची आमच्याकडे रीत नाही. परतवाडा सुटून घाट लागला की इंडिका दुसऱ्या गिअरवर येते, ती वर पोचेपर्यंत तिथेच राहते. पाच जण बसले की एसी बंद, काचा खाली, आणि गप्पाही बंद, कारण इंजिन कोणाला बोलूच देत नाही. मागच्या वर्षी साडू खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "याच्यापेक्षा आपली शकुंतला बरी होती भाऊ. थांबली तं निदान कोनी विचारत नव्हतं काहून थांबली मनून."

मूर्तिजापूर-अचलपूरच्या छोट्या लाईनीवरच्या या शकुंतला रेल्वेत लहानपणी मीही बसलो आहे. साडूंचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं.

भाचा आयटीआयचा डिझेल मेकॅनिक. तो म्हणाला, "मामा, इंडिगोले बी हेच इंजन आहे. कंपनीनं तिले टर्बो देला, तुमच्या गाडीले नाई देला, एवढाच फरक. आपन देऊ."

'आपण' म्हणजे कोण, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं, पण तो तोवर फळ्यावर चित्र काढू लागला होता. (मी मास्तर आहे, घरी फळा आहे.) सायलेन्सरकडे जाणारा धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. फुकट जाणाऱ्या धुरातून काम काढायची ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची, 1905 सालच्या पेटंटातली. स्वित्झर्लंडातल्या माणसाला मे महिन्यातल्या वऱ्हाडची काय कल्पना असणार!

अमरावतीच्या वाटेवरच्या कबाड्याकडे अपघातात पुढून चेपलेल्या इंडिगोचा टर्बो निघाला. कबाड्याने तो बनियनला पुसला, आतलं चक्र बोटानं फिरवलं आणि ते थांबेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला. भाच्याने मात्र दांडा चिमटीत धरून हलवला. आडवा केसभर हलला तर चालतं, म्हणे, कारण दांडा ज्या कड्यात फिरतो त्या बुशमध्ये तेलाला जागा लागते. पण आत-बाहेर सरकला तर टर्बो संपला. मग चक्राच्या पात्यांवरून नख फिरवून पाहिलं. एका पात्याचं टोक जरा झिजलं होतं, तेवढ्यावर पाचशे रुपये तुटले. 3500 मध्ये टर्बो माझा झाला. एवढ्या पैशात टर्बो! मी बायकोला फोन करून सांगितलंसुद्धा.

त्यानंतर जे लागलं त्याला कोणी टर्बो म्हणत नाही. मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणारा पाईप, लागला. जुना काढताना दोन स्टड हेडातच तुटले, ते काढायला लेथवाले काका आले. सायलेन्सरचा वाकडा पाईप नवा बनला. गॅस्केट, क्लिपा, तांब्याचे वॉशर. ही वॉशरं दहा-वीस रुपयांची, पण ती आणायला दर वेळी परतवाड्याला जावं लागे आणि तिथे चहा, समोसा, मिस्त्रीचा खर्रा हे आलंच.

सगळ्यात जास्त छळलं ते तेलाने. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि बुशमध्ये तो तेलाच्या पातळ थरावरच तरंगत असतो. तेल वरून प्रेशरने येतं, पण खाली इंजिनाच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं ते फक्त आपल्या वजनाने. म्हणून उतरायचा पाईप जाड, सरळ आणि उताराचा हवा. माझ्या चेंबरला परतीच्या तेलासाठी भोकच नव्हतं. चेंबर खाली उतरलं, भोक पडलं, निपल वेल्ड झालं, चेंबर वर चढलं आणि निपल नेमकं एक्सलच्या वाटेत आलं. मिस्त्रीने पाईप एक्सलच्या बगलेतून काढला. पाईपला पोट आलं. पोटात तेल साचलं, मागे तुंबलं आणि सीलमधून थेट सायलेन्सरमध्ये उतरलं.

पहिल्यांदा स्टार्टर मारला त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत असा निळा धूर झाला की समोरच्या आजींनी नातवाला आत घेऊन दार लावलं. सरपंच स्वतः विचारायला आले, फवारणी आज होती का म्हणून. चेंबर परत खाली.

मग पायपांची पाळी. टर्बोपासून इंजिनापर्यंत दाबलेली हवा न्यायची. दाब ठेवायचा अर्धा बार, म्हणजे जेमतेम सात पीएसआय. इंडिकाचं कॉम्प्रेशन मुळातच जास्त, त्याहून वर गेलं तर हेडचं पॅकिंग जायचं. टायरमध्ये याच्या चौपट हवा असते, असा हिशेब करून भाच्याने विहिरीवरच्या मोटरचा उरलेला पाईप लावून टाकला. त्याने दाबाचा हिशेब केला, तापाचा नाही. हवा दाबली की तापते. बाहेर 45 अंश असले तर टर्बोतून निघेपर्यंत ती शंभरीला टेकते. शाळेसमोर पाईप मऊ पडला आणि असा फट्टकन निसटला की सातवीचा वर्ग खिडकीत आला.

"आता इंटरकूलर पायजे सर," मिस्त्री म्हणाला. "गरम हवा आत नेऊन काय फायदा? घरी कूलर कायले लावता?"

विदर्भातल्या माणसाला कूलरवरून कोणी काही पटवायला लागलं की तो हरलाच. इंटरकूलर आणला, डिझेलने धुतला. त्यातून जुनं तेल इतकं निघालं की कबाड्याने ते वेगळं लावलं नाही याचं नवल वाटलं. मग तो बसवायला रेडिएटरपुढे जागा शोधली, तर तिथे एसीचा कंडेन्सर आधीच ठाण मांडून होता.

"याले काढू," भाचा म्हणाला.

काढला. ही बातमी घरात मी सांगितली नाही, गाडीनेच सांगितली, चैत्रातल्या एका लग्नाला जाताना. पुढचे कितीतरी दिवस आमच्याकडे दोन ताटं दोन वेळांना वाढली जात होती.

शेवटी डिझेलच्या पंपाचा स्क्रू उरला. नुसती हवा वाढवून डिझेल इंजिनाला काही मिळत नाही, डिझेलही वाढवावं लागतं, आणि साध्या पंपाला टर्बो आल्याची खबरच नसते. मिस्त्रीने कानाने ऐकत स्क्रू पाव फेरा आवळला. काळा धूर आला, थोडा मागे घेतला. आणि गाडी पळाली! खोटं कशाला सांगू, तिसऱ्या गिअरवर घाट चढली. शिट्टीचा बारीक आवाज येत होता. साडू मागे बसले होते, त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. तो आनंद पावतीवर कुठे मांडता येत नाही.

आता टर्बोच्या गाडीचे सोवळे फार. थांबल्याबरोबर किल्ली फिरवायची नाही. तापलेल्या बुशमध्ये तेल जळून चिकटतं, म्हणून मिनिटभर तसंच चालू ठेवायचं. मी दारात गाडी चालू ठेवून बसतो. येणारा-जाणारा विचारतो, "निघाले का सर?" मी म्हणतो, "नाही, आलो." मग तो चहाची वाट बघत थांबतो.

शेजारच्या वकिलांनी सगळं झाल्यावर मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 वाचून दाखवलं. आरसीवर नोंदलेल्या मूळ बनावटीहून वेगळा असा बदल गाडीत करता येत नाही. विमेवालाही हात वर करेल. मिस्त्रीने यावर आपलं कायद्याचं मत दिलं, "नटबोल्टावर हाय सर. फिटनेसच्या येळी काढून देतो. उघडाचे, बसवाचे वेगळे लागतीन."

परवा घाटात इंजिन ओरडलं पण गाडी पुढे सरकेना. क्लच. "ताकद वाढली ना सर, साध्या प्लेटीले पेलत नाई. टर्बोवाली पायजे." मी कबाड्याला फोन लावला.

"प्लेट कायले नेता सर?" तो म्हणाला. "अख्खी इंडिगो आली आपल्याकडं. चालू हालतीत. टर्बो हाय, क्लच हाय, कागद हाय. भाव सांगतो."

त्याने भाव सांगितला. माझा एकूण खर्च त्याच्या पुढे गेला होता. फोन स्पीकरवर होता हे माझ्या उशिरा लक्षात आलं. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, तिच्यात एसी आहे का विचारा."