अमाल्फीची लूट आणि रोमन कायद्याचा तथाकथित पुनर्जन्म

कायद्याच्या इतिहासाबद्दल जे थोडेफार लिहिले जाते आणि एकाकडून दुसऱ्याकडे पाठवले जाते, त्यात एक गोष्ट वारंवार भेटते. ती अशी: इ.स. ४७६ मध्ये पश्चिमेकडील रोमन साम्राज्य कोसळले आणि त्याबरोबर रोमन कायदाही लोपला. सम्राट जस्टिनियनने लिहिलेल्या कायदेग्रंथाची एकुलती एक प्रत इटलीतील अमाल्फी या बंदरात धूळ खात पडली होती. ११३५ साली पिसाच्या आरमाराने ते शहर लुटले तेव्हा ती सापडली. पवित्र रोमन साम्राज्याचा (म्हणजे मध्ययुगीन जर्मन साम्राज्याचा) सम्राट लोथार याने खूश होऊन ती पिसाला बहाल केली, हाच कायदा साम्राज्यभर लागू होईल असे फर्मान काढले आणि तो शिकवण्यासाठी बोलोन्याचे विद्यापीठ निघाले. आपल्याकडे या गोष्टीला गोव्याचे शेपूटही जोडले जाते: गोव्यातील समान नागरी कायदा म्हणजे पोर्तुगीजांच्या हातून आलेला तोच रोमन कायदा. गोष्ट चटकदार आहे, आणि ती आजकालची नव्हे; तिचा बराचसा भाग मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून सांगितला जात आहे. मात्र तिचे दुवे एकेक करून तपासले तर फारच थोडे टिकतात.

प्रथम सनावळी पाहू. रोमन कायदा ४७६ मध्ये लोपला असे म्हणायचे आणि पुढच्याच वाक्यात जस्टिनियनचा ग्रंथ आणायचा, हे जुळत नाही. कारण जस्टिनियन सहाव्या शतकातला, आणि त्याची राजधानी रोम नसून कॉन्स्टॅन्टिनोपल होती. त्याच्या आज्ञेने कोडेक्सची (सम्राटांच्या आज्ञांच्या संग्रहाची) पहिली आवृत्ती ५२९ मध्ये, इन्स्टिट्यूट्स (विद्यार्थ्यांसाठीचा पाठ्यग्रंथ) व डायजेस्ट (जुन्या विधिज्ञांच्या लेखनाचे संकलन) ५३३ मध्ये आणि सुधारित कोडेक्स ५३४ मध्ये जारी झाले. ५५४ मध्ये त्याने हे कायदे इटलीलाही लागू केले. पश्चिमेत ज्यांनी रोमन सत्ता बळकावली त्या राजांनीही रोमन कायदा फेकून दिला नव्हता. व्हिसिगॉथ राजा दुसरा अलारिक याने ५०६ मध्ये आपल्या रोमन प्रजेसाठी रोमन कायद्याचा संक्षेप करवून घेतला, आणि तो गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सच्या प्रदेशात) पुढे कित्येक शतके वापरात राहिला. पूर्वेकडे तर खंड पडलाच नाही. नवव्या शतकाच्या अखेरीस सम्राट सहावा लिओ याच्या काळात जस्टिनियनचे कायदे ‘बॅसिलिका’ या नावाने ग्रीकमध्ये नव्याने रचले गेले. १३४५ च्या सुमारास थेसालोनिकीच्या हार्मेनोपुलोस या न्यायाधीशाने त्या परंपरेतून सहा भागांचा एक सारग्रंथ तयार केला, आणि आधुनिक ग्रीसच्या न्यायालयांत तो १९४६ साली नवी नागरी संहिता येईपर्यंत आधार म्हणून चालला.

दुसरे म्हणजे, जस्टिनियनने कायदा ‘लिहिला’ हे विधान. डायजेस्ट हे संकलन आहे. ट्रिबोनियन या विधिज्ञाच्या नेतृत्वाखालील मंडळाने जुन्या विधिज्ञांच्या ग्रंथांतून उतारे निवडले, पन्नास भागांत लावले आणि प्रत्येक उताऱ्याच्या माथ्यावर लेखकाचे नाव, ग्रंथाचे नाव व भागाचा क्रमांक दिला. सम्राटाच्याच शब्दांवर विश्वास ठेवायचा तर सुमारे दोन हजार ग्रंथांतील तीस लाख ओळी दीड लाखांवर आणल्या गेल्या, आणि तेही तीन वर्षांत. या उताऱ्यांपैकी सुमारे दोन पंचमांश मजकूर एकट्या उल्पियन या रोमन विधिज्ञाचा आहे, आणि तो तर २२३ साली मारला गेला होता. जस्टिनियनचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. जुना मजकूर कालबाह्य वाटेल तेथे बदलण्याची मुभा त्याने मंडळाला दिली होती, त्यामुळे कोणते वाक्य मूळ लेखकाचे आणि कोणते मंडळाने घातलेले, हा वाद अभ्यासकांना पिढ्यान्‌पिढ्या पुरला. तरीही हा ग्रंथ म्हणजे प्रामुख्याने पहिल्या ते तिसऱ्या शतकातील विधिज्ञांचे आपसातील मतभेद, उदाहरणे आणि सल्ले आहेत. राजाज्ञांची ती जंत्री नव्हे.

आता मुख्य दाव्याकडे, म्हणजे ग्रंथ हरवला आणि ११३५ मध्ये सापडला याकडे, येतो. यात सत्याचा एक अंश आहे आणि तो आधी मान्य केला पाहिजे. डायजेस्ट हा अवजड ग्रंथ पश्चिमेत खरोखरच वापरातून गेला होता. पोप पहिला ग्रेगरी याने ६०३ साली एका पत्रात त्यातील वचने उद्धृत केली, आणि त्यानंतर पावणेपाचशे वर्षे तेथे त्याचा ठाम उल्लेख मिळत नाही. इन्स्टिट्यूट्स आणि संक्षिप्त केलेला कोडेक्स मात्र इटलीत वाचले जात होते. थोडक्यात, लोप पावला तो एक ग्रंथ, आणि तोही अर्ध्या युरोपात. कायदा लोपला असे म्हणता येत नाही.

पण तो ग्रंथसुद्धा ११३५ मध्ये सापडला नाही, याचा पुरावा एका साध्या जमिनीच्या दाव्यात आहे, आणि तो तपशिलाने पाहण्याजोगा आहे. मार्च १०७६ मध्ये तोस्कानातील मार्तुरी येथे, म्हणजे आजच्या पोज्जीबोन्सीजवळ, एक निवाडा झाला. सेंट मायकेलच्या मठाचे म्हणणे होते की काही जमीन व त्यावरील एक चर्च मठाच्या मालकीचे असून फ्लॉरेन्सच्या सिगिझो नावाच्या इसमाने ते बळकावले आहे. सिगिझोने चाळीस वर्षांच्या वहिवाटीचे कारण पुढे केले. एवढी मुदत उलटल्यावर दावा चालत नाही, असा त्याचा बचाव होता. मठाने साक्षीदार उभे केले आणि शपथेवर सिद्ध केले की पूर्वीच्या मठाधिपतींनी वेळोवेळी दाद मागितली होती, पण त्यांना न्याय देणारा कोणी भेटला नाही. प्रांताची सत्ता सांभाळणाऱ्या बेआत्रिचेचा प्रतिनिधी नॉर्डिलुस याने मग डायजेस्टमधील एका वचनाचा नाव घेऊन आधार घेतला: ज्यांना दाद मागायला अधिकारीच उपलब्ध नव्हता, त्यांना पूर्वस्थितीत आणून देण्याचे वचन प्रेटरने (न्यायदान पाहणाऱ्या रोमन अधिकाऱ्याने) दिले आहे. आणि जमीन मठाला परत दिली. त्या वेळी हजर असलेल्यांत पेपो नावाचा एक ‘कायद्याचा पंडित’ होता, अशी नोंद त्याच दस्तऐवजात आहे.

हा निवाडा अमाल्फीच्या लुटीच्या ५९ वर्षे आधीचा आहे. त्यातील वचन डायजेस्टच्या चौथ्या भागातील आणि उल्पियनचे आहे. ते शोधून काढून नेमके त्या भांडणाला लावणे हे नुसते ऐकीव ज्ञानावर जमणारे काम नव्हे. ग्रंथ कोणाच्या तरी हाताशी होता आणि कोणाला तरी तो वाचता येत होता. बोलोन्यात कायदा शिकवणारा इर्नेरियस याचे नाव बाराव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतील दस्तऐवजांत येते. म्हणजे ज्या अध्यापनासाठी ग्रंथ ‘सापडावा’ लागला म्हणतात, ते अध्यापन लुटीच्या आधीच चालू होते. खुद्द बोलोन्याच्या परंपरेलाही अमाल्फी ठाऊक नव्हते. तेराव्या शतकातील तेथला अध्यापक ओडोफ्रेडुस ग्रंथ राव्हेन्नाहून बोलोन्यात आल्याचे सांगतो, आणि पिसातली प्रत कॉन्स्टॅन्टिनोपलहून आली असे म्हणतो.

पिसात डायजेस्टची एक फार जुनी प्रत होती, हे खरे आहे. ती सहाव्या शतकातली, चर्मपत्रावर लिहिलेली, ९०० हून अधिक पानांची. १४०६ मध्ये फ्लॉरेन्सने पिसा जिंकले तेव्हा ती प्रत फ्लॉरेन्सला नेली गेली, आणि आज ती तेथील लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे. शहर जिंकल्यावर ग्रंथ उचलून नेल्याची नोंद असलेली घटना ही. अमाल्फीची घटना तिच्या धर्तीवर मागाहून रंगवली गेली असेल असे मला वाटते, पण तो माझा अंदाज आहे. अमाल्फीच्या बाजूने आणि विरुद्ध अठराव्या शतकात पिसाच्याच विद्यापीठात मोठी जुंपली होती: गणिताचा अध्यापक असलेला संन्यासी ग्वीदो ग्रांदी याने कथा खोटी ठरवली आणि कायद्याचा अध्यापक बेर्नार्दो तानुच्ची याने ती उचलून धरली. गणितज्ञाची बाजू अधिक भक्कम निघाली.

ही प्रत ‘एकुलती एक’ होती का, याचे उत्तर अर्धे होय आणि अर्धे नाही असे आहे. या प्रतीच्या अखेरीस पानांचा क्रम उलटापालटा झालेला आहे आणि बोलोन्याच्या परंपरेतील हस्तलिखितांतही मजकूर त्याच चुकलेल्या क्रमाने येतो. तेव्हा ती या ना त्या वाटेने हिच्यावरून उतरली, हे निश्चित. परंतु त्यांच्यात काही ठिकाणी फ्लॉरेन्सच्या प्रतीपेक्षा शुद्ध पाठही सापडतात. १८७० मध्ये डायजेस्टची चिकित्सक आवृत्ती पुरी करणाऱ्या थिओडोर मॉमसेनने यावरून निष्कर्ष काढला की मध्ये एक हरवलेली प्रत होती आणि तिच्या नकलकाराने दुसऱ्या, स्वतंत्र हस्तलिखितावरून दुरुस्त्या केल्या होत्या.

लोथारच्या फर्मानाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण असे फर्मान कोणी पाहिलेले नाही. १६४३ मध्ये जर्मन पंडित हेर्मान कोनरिंग याने ही कथा निराधार असल्याचे दाखवले, आणि तेव्हापासून अभ्यासकांनी ती सोडून दिली. जर्मन प्रदेशांत रोमन कायदा शिरला तो विद्यापीठांत शिकून परतलेल्या कारकुनांच्या, सल्लागारांच्या आणि न्यायाधीशांच्या मार्फत. १४९५ मध्ये साम्राज्याचे वरिष्ठ न्यायालय स्थापन झाले तेव्हा त्यातील निम्मे न्यायाधीश कायद्याचे शिक्षण घेतलेले असावेत असा नियम झाला. तेथेही तत्त्वतः स्थानिक कायदा आधी आणि तो मूक असेल तेथे रोमन कायदा, असा क्रम होता. ‘एका फर्मानाने’ आणि ‘तीनशे वर्षांत, खटल्यामागून खटल्यात’ यांतला फरक लहान नाही.

राहिला गोव्याचा मुद्दा. तेथील कायद्याचा मूळ आधार म्हणजे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता. ती समुद्रापारच्या प्रांतांना लागू करणारा हुकूम १८६९ चा. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, आणि १९६२ च्या कायद्याने जुने कायदे चालू ठेवले. पोर्तुगालने मात्र १९६६ मध्ये स्वतःसाठी नवी संहिता केली. वारसाहक्काचा भाग आता गोवा विधानसभेने केलेल्या कायद्यात आला आहे. १८६७ च्या संहितेत रोमन अंश आहे हे उघड आहे. मुलांना डावलता येणार नाही असा जो राखीव हिस्सा गोव्यात ‘लेजितिमा’ म्हणून ओळखला जातो, तो थेट रोमन कल्पनेचा वारस आहे. रोममध्ये तो एक चतुर्थांश होता आणि जस्टिनियनने ५३६ मध्ये तो मुलांच्या संख्येनुसार एक तृतीयांश किंवा निम्म्यापर्यंत वाढवला.

मात्र पोर्तुगालनेच १७६९ च्या एका कायद्याने आपल्या न्यायालयांतील रोमन कायद्याला लगाम घातला होता: देशाचा कायदा नसेल तेथेच, आणि सद्‌विवेकाला पटेल तेवढाच तो मानावा. शिवाय गोव्याच्या ज्या तरतुदीचा सर्वांत जास्त गौरव होतो, ती रोमन नाहीच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नीची आधीची व नंतरची सारी मिळकत सामाईक होते आणि दोघांचा तीत निम्मा-निम्मा हक्क असतो. १८६७ ची संहिता या पद्धतीला ‘राज्याची रूढी’ असेच म्हणते, आणि ती पोर्तुगालची जुनी देशी रूढी होती. रोमन कायद्यात नवऱ्याची आणि बायकोची मिळकत वेगळी असे. बायकोकडून हुंडा येई, त्याचे नियम स्वतंत्र होते, आणि संसार चालू असताना एकाने दुसऱ्याला दिलेली देणगी मुळातच निरर्थक ठरे. डायजेस्टच्या चोविसाव्या भागाचे पहिले प्रकरण संपूर्णपणे याच मनाईवर आहे. गोव्यातील जोडप्याचा निम्मा-निम्मा हक्क रोमच्या खात्यावर टाकायचा असेल, तर आधी ते प्रकरण नजरेआड करावे लागेल.